चोवीस डाव्या बाह्या

मित्रांनो, मी शिंप्याच्या दुकानातली एक जुनी कात्री आहे, आणि खरं सांगायचं तर मी आयुष्यभर जळत आले आहे. आगीत जळले ती एकदाच, लोहाराच्या भट्टीत. त्यानंतरचं सगळं जळणं आतल्या आत झालं. लोखंडाला कसला आलाय हेवा, असं तुम्ही म्हणाल. आधी सगळं ऐकून घ्या, मग म्हणा.

तुम्ही चित्रं कापायला घेता ती कात्री माझी कुणी लागत नाही. मी जवळजवळ हातभर लांब आहे. माझ्या एका मुठीत चार बोटं मावतात, दुसरीत फक्त अंगठा. लोहाराने मला दोन तुकड्यांत घडवलं, पाण्यात विझवलं आणि मधोमध स्क्रू पिळून दोघींची एक केली. मग एका चिंधीवर चालवून पाहिलं. माझा आवाज ऐकून तो स्वतःशीच हसला, आणि मला न्यायला आलेल्या तरण्या शिंप्याला म्हणाला, "उजव्या हाताची आहे बरं का. डाव्यात धरली तर चावते."

शिंप्याने मला उजव्या हातात घेतलं. त्याचा अंगठा माझ्या मुठीत असा बसला, की जणू मला त्याच्याच मापाने ओतलं होतं. त्या घडीपासून मी त्याची झाले. पुढे सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणू लागली, म्हणून मीही मास्तरच म्हणते.

दुकान लहान होतं. पुढे काचेचं दार, आत दोन शिलाई मशीन, एक उभा आरसा आणि मधोमध कापड बेतायचं लांब टेबल. मागे दोन खोल्या, तिथे मास्तरांचं घर. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे मास्तर मापं घेत, कापड बेतत, आणि दोघे कारागीर मशीनवर शिवत. पडद्याच्या पलीकडे मास्तरांची बायको बसे. गल्लीतली सगळी पोरं तिला मावशी म्हणत. काजं करणं, बटणं लावणं, हातशिलाई, दोरे तोडणं ही कामं तिकडे होत. बेतणं पुरुषांनी, काजं बायकांनी. असं कुठे लिहून ठेवलं नव्हतं, पण तो पडदा भिंतीपेक्षा पक्का होता. मी अलीकडची होते, आणि त्याचा मला केवढा तोरा!

मला मास्तरांखेरीज कुणी हात लावायचा नाही, असा दुकानाचा नियम होता. दुसऱ्याच्या हातात गेली की कात्रीची सवय मोडते, असं मास्तर म्हणत. एकदा छत गळलं आणि थेंब थेट माझ्यावर पडू लागले. मावशींनी धावत येऊन मला उचललं, पदराने पुसलं, कोरड्या जागी ठेवलं. मास्तरांनी त्याच दुपारी धारवाल्याला बोलावलं. माझी धार जशीच्या तशी होती, तरीही. धारवाला पायाने चाक फिरवत म्हणाला, "बायकांचा हात लागला की असंच होतं, मास्तर." मावशी पडद्याआडून ऐकत होत्या. आणि मी? मी त्या चाकावर ठिणग्या उडवत मजेत होते.

आता माझ्या पहिल्या हेव्याची गोष्ट. पडद्यापलीकडे एक कात्री होती. कात्री कसली, नखाएवढी कातरडी! दोरे तोडण्यापुरती. मावशी तिला दोरीत ओवून गळ्यात घालत. ती त्यांच्याबरोबर चुलीपाशी जाई, गच्चीवर जाई, मूल कुशीत झोपलं तरी तिथेच असे. मी मात्र काम संपलं की मऊ कापडात गुंडाळून खणात. मान होता मला, सोबत नव्हती. पलीकडून मावशींचं गुणगुणणं ऐकू येई. सुई चालली की त्या गात, आणि दरवेळी तेच:

सुई गेली पुढे, दोरा तिच्या मागे,
दिसेना जो टाका, तोच सदा जागे.

खणाच्या अंधारात मी ते ऐकायची आणि त्या कातरडीला मनातल्या मनात चार दूषणं द्यायची. चार थर जाड कापड एका घासात कापून दाखव म्हणावं, मग ऐक गाणी.

मावशींचा आणखी एक उद्योग मला खटकायचा. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी त्या फडकं घेऊन येत आणि टेबल झाडत; खणाच्या फटीतून मी बघत असे. माझं टेबल! आता इथे तुम्हाला आमच्या कामातली एक गोष्ट सांगते, ती नीट लक्षात ठेवा. एकाच माणसाचा कोट असला तर कापड दुमडून बेततात आणि डावी-उजवी बाही एकदमच निघते. पण गणवेशांचं मोठं काम आलं की मास्तर कापडाचे चार थर एकावर एक पसरत, सगळ्यांची सुलट बाजू वर. त्यावर बाहीच्या मापाचा कागद ठेवायचा आणि आधी सगळ्या डाव्या बाह्या कापायच्या. मग तोच कागद उलटा करून सगळ्या उजव्या. मास्तरांची रीत ठरलेली. संध्याकाळपर्यंत डाव्या, दुसऱ्या सकाळी उजव्या.

आणि दुसऱ्या सकाळी कागद हटकून हललेला असे. मास्तर कुरकुरत, "कागद कुणी हलवला?"

पडद्याआडून मावशी म्हणत, "झाडताना उलटला असेल."

मास्तर मान हलवत आणि मला हातात घेत. मलाही वाटे, काय ही बाई, धड झाडताही येत नाही. मग मी सप सप चालू लागे आणि उजव्या बाह्या उतरत. असं वर्षानुवर्षं चाललं. मास्तरांची बाही खांद्यावर पाण्यासारखी उतरते, अशी दूरवर ख्याती झाली. गिऱ्हाईकं आरशासमोर हात वर-खाली करून बघत आणि म्हणत, काय हात आहे! मास्तर नुसते माझ्याकडे बघत. त्या नजरेसाठी मी काहीही कापलं असतं.

मास्तरांना एक मुलगा झाला. तेव्हापासून मी त्याच्या हाताकडे डोळे लावून बसले. मास्तरांनंतर मी त्याची, हे ठरलेलंच होतं. पोर मोठं होत होतं, पण अलीकडे फिरकत नव्हतं. ते सदा पडद्यापलीकडे. पडदा वाऱ्याने हलला की मला दिसे, आईच्या गुडघ्याला गुडघा लावून ते बसलंय, बोटावर अंगुस्तानाची टोपी, आणि काजं करतंय. नऊ-दहा वर्षांचं पोर, पण काज असं, जणू मिटलेली पापणी. गिऱ्हाईकं काजांचीही वाहवा करू लागली. मास्तर म्हणत, घरातलाच हात आहे. कुणाचा, ते सांगत नसत.

सोळाव्या वर्षी मास्तरांनी त्याला टेबलापाशी उभं केलं आणि मला त्याच्या हातात दिलं. किती वाट पाहिली होती मी त्या दिवसाची! त्याचा तळवा ओला होता. तो मला धरत होता, पण नाइलाजाने धरावं तसा. मी सरळ चालायचा खूप प्रयत्न केला, पण धरणाऱ्याचंच मन नसेल तर कात्री काय करणार? विजारीचं कापड गुडघ्यापाशी वाकडं कापलं गेलं. मुलाने मला अलगद खाली ठेवलं.

"बाबा, मला काजं करू द्या."

"काजं बायका करतात," मास्तर म्हणाले.

"मी पण करतो की. तुमच्या कोटावरची सगळी माझीच आहेत."

दोन्ही मशीन थांबली. कारागिरांनी माना खाली घातल्या. मास्तर लाल झाले, मग पांढरे झाले. शेवटी त्यांनी एवढंच सांगितलं, की असं असेल तर पलीकडेच बस, पुढे यायचं नाही. मुलगा गेला तो सुई घेऊन आईपाशी बसला. सुईसाठी माझ्यावर पाणी सोडलं पोराने! सुई म्हणजे काय हो, एक काडी! त्या दिवशी मला इतकी आग लागली की दोन दिवस माझी पाती कुणाच्या मनासारखी मिटेनात. मास्तरांनी स्क्रूला तेल दिलं. तेलाने काय होतंय?

वर्षं गेली. मुलाचं लग्न झालं. सून आली ती कापडाच्याच कामातली, पण भलत्याच कापडाच्या. एका कारखान्यात ती तंबू आणि ताडपत्र्या बेतायची. रुंद खांद्यांची, मोठ्याने हसणारी बाई. सकाळी डबा घेऊन कामावर जायची. मावशी आजारी पडल्यावर त्यांचं औषधपाणी, स्वयंपाक, धुणं, सगळं मुलाने उचललं. पुढे छोटी झाली, तिला न्हाऊ-माखू घालणंही त्याच्याचकडे. शेजारचा घड्याळवाला एकदा दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, तुमची सून कामावरून आली की मुलगा चहा टाकतो म्हणे."

मास्तरांना ते लागलं, हे त्यांच्या मुठीवरून मला कळलं. पण त्यांनी कापडावरची नजर उचलली नाही. "चांगला टाकतो," ते म्हणाले. "येत जा."

मग एका हिवाळ्यात मावशी गेल्या. कातरडी दोरीसकट बटणांच्या डब्यात ठेवली गेली. गाणं थांबलं. खोटं कशाला बोलू मित्रांनो, माझ्या मनात आधी आलं ते दुःख नव्हतं. माझ्या मनात आलं, आता टेबलावर आम्ही दोघंच. आता फडकं नाही, लुडबूड नाही, ती गळ्यातली कातरडीही नाही.

त्याच सुमारास मास्तरांची नजर मंदावली. सुईत दोरा जाईना, खडूची रेघ दुहेरी दिसू लागली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बेतण्याचा त्यांना इतका सराव होता, की त्यांना वाटे, कात्रीला वाट पाठ आहे. मलाही तसंच वाटे.

तेव्हाच बँडचं काम आलं. बारा वादकांचे बारा कोट. बँडमास्तर स्वतः कापड घेऊन आले. गडद तांबडं, जाड, सुलट बाजूला मखमलीसारखी लव असलेलं. ते म्हणाले, "जपून हं मास्तर. हा रंग आता निघत नाही. होतं तेवढं सगळं आणलंय." कोट पाच दिवसांनी हवे होते.

मास्तरांनी पहिल्या दिवशी अंगं आणि पाठी कापल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत डाव्या बाह्या, चार-चार थर, तीन खेपा. तिसऱ्या सकाळी ते टेबलापाशी आले. कागद होता तिथेच होता. वापरून वापरून तो दोन्ही अंगांनी सारखाच मळला होता. मास्तरांनी त्यावर हात ठेवला आणि मला उचललं. गेली किती वर्षं सकाळी कागद जसा सापडे, तसाच तो बरोबर असे.

आम्ही निघालो. मी त्या लव असलेल्या तांबड्यातून अशी गेले, की काय सांगू. मला कुठेतरी जाणवत होतं, की हे वळण कालच्याच अंगाने चाललंय. पण त्या सकाळी मी इतकी खुशीत होते! मास्तर माझे, टेबल माझं, दुसरं कुणी नाही. बारा बाह्या उतरल्या.

दुपारी कारागिरांनी बाह्या कच्चे टाके घालायला आत पाठवल्या. थोड्या वेळाने पडदा सरला आणि मुलगा पुढे आला. सोळाव्या वर्षानंतर तो पहिल्यांदाच दुकानात पाऊल टाकत होता. त्याच्या दोन्ही हातांत एकेक बाही होती.

"बाबा, ही पण डावीच आहे."

मास्तरांनी बाही बोटांनी चाचपली. मग दुसरी. मग ढीगच पुढे ओढला. चोवीस बाह्या, सगळ्या डाव्या. उरल्या होत्या त्या हातभराच्या चिंध्या आणि कॉलर-खिशांपुरते राखलेले दोन तुकडे. कारागीर मशीनवरून उठले आणि काही न सुचून पुन्हा बसले. मास्तर स्टुलावर टेकले. ते म्हणाले, की बँडवाल्यांना बोलवा, मी पाया पडतो, आणि उद्यापासून दाराला कुलूप.

मुलगा त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. त्याच्या हातात एक बाही होती आणि तो तिच्या कडेवरून बोट फिरवत होता. तोच हळूच म्हणाला, "आई कागद उलटा करून ठेवायची. रोज. मी पाहिलंय."

मास्तर म्हणाले, "झाडताना उलटायचा तो."

"नाही, बाबा. झाडून झाल्यावर उलटायची."

मी टेबलावर उघडीच पडले होते. माझ्या पात्यांवर तांबडी लव चिकटली होती.

संध्याकाळी सून कामावरून आली. डब्याची पिशवी खांद्यावर तशीच होती. झालेलं सगळं तिने ऐकून घेतलं आणि एक बाही उचलून उलटी केली. आतली बाजू बिनलवेची, थोडी काळपट. तिने ती उलटी बाही एका कोटाच्या उजव्या खांद्याला लावून बघितली. मग दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले.

"उलटून लावली तर उजवी होते," ती म्हणाली. "फक्त काळपट दिसेल."

"म्हणजे ठिगळ लावल्यासारखी," मास्तर म्हणाले.

"एकट्या बाहीलाच तसं केलं तर ठिगळ दिसेल. डाव्या अंगाची कॉलरही काळपट करू, आणि खिशावरची पट्टी. मग मुद्दाम केल्यासारखं दिसेल. ते दोन तुकडे आहेत ना, त्यातून निघतं का बघते."

आणि कुणाला न विचारता तिने मला उचललं. डाव्या हाताने! ती डावखुरी होती. अंगठा भलत्या बाजूने माझ्या मुठीत घुसला.

मित्रांनो, मला लोहाराचं बोलणं आठवलं आणि मी चावले. माझ्या घडणीचाच दोष होता, असं मी तुम्हाला सांगू शकले असते. पण मला चावायचंच होतं. मी पाती फाकवली, कापड मध्ये दुमडून घेतलं आणि चघळलं. तिच्या अंगठ्याच्या सांध्यावर लाल वळ उठला. मला वाटलं, आता ही मला आदळेल, आणि मग मास्तर तिला चार शब्द सुनावतील.

तिने मला शांतपणे पाठीवर निजवलं आणि माझी मूठ मिटली. "कात्री छान आहे," ती म्हणाली. "माझ्या हातची नाही."

मग तिने पिशवीतून स्वतःची कात्री काढली. रुंद, ओबडधोबड, मुठींना चिंध्या गुंडाळलेल्या, पात्यांवर ताडपत्रीचं मेण. डाव्या हातासाठी घडवलेली. पुसून तिने ती कापडाला लावली आणि कापड आपणहून उघडत गेलं. इतका सरळ काप मी चांगल्या दिवसांतही दिला असेन-नसेन. माझ्या टेबलावर, माझ्या मास्तरांसमोर, एक ताडपत्री कापणारी!

पण सगळ्यात जिव्हारी लागलं ते पुढचं. जाड कापड बेतताना कुणीतरी दुसरं टोक ताणून धरावं लागतं. मास्तर बेतत तेव्हा ते टोक मावशी धरत, पडद्यातून अर्ध्या बाहेर येऊन. आता सुनेच्या समोरचं टोक लोंबत होतं. मास्तर स्टुलावरून उठले, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले आणि त्यांनी ते टोक धरलं.

पाचव्या दिवशी बँडमास्तर आले. बारा कोट ओळीने टांगले होते. उजवी बाही काळपट, डावी तांबडी, डाव्या अंगाची कॉलर काळपट. काजं मुलाची, इतकी नेटकी की बटणं त्यात बसायला आतुर झाल्यासारखी दिसत होती. बँडमास्तरांनी एक कोट चढवला, आरशासमोर उजवा हात उचलला, चार ताल हवेत मारले. ते खूश झाले. म्हणाले, वाजवणारा हात उठून दिसतो, ही भारीच कल्पना काढलीत, मास्तर.

कारागीर एकमेकांकडे बघू लागले. घड्याळवालाही दारात येऊन उभा होता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. इतकी वर्षं मास्तर अशीच मान हलवत आले होते.

"कल्पना माझी नाही," मास्तर म्हणाले. "चूक माझी. तोड काढली सुनेने. काजं मुलाची. आणि एवढ्या वर्षांत ही चूक कधी झाली नाही, ती माझ्या बायकोमुळे. तिला सांगायचं राहून गेलं."

बँडमास्तरांनी कोटाचं वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "काजं फार सुरेख आहेत," ते मुलाकडे बघून म्हणाले.

त्यानंतर दुकानाची मांडणीच बदलली. महिन्याभरात सुनेने कारखाना सोडला आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूने उभी राहून बेतू लागली, कारण उजेड तिच्या डाव्या हाताला तिथून येतो. मुलगा काचेच्या दारापाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा बसून काजं करतो आणि आईचं गाणं गुणगुणतो. छोटी टेबलाखाली कात्रणांचं घर मांडते. पडदा एकदा धुवायला काढला, तो पुन्हा लावायचं कुणाला आठवलंच नाही. आणि मी गेले खिळ्यावर. समोर दिवसभर ती ओबडधोबड बया माझ्या टेबलावर चालायची आणि मी लटकून बघायची. गंज बाहेरून चढतो म्हणतात. माझा आतून चढत होता.

मग एक दिवस मास्तर मुलाला म्हणाले, की रिकामं बसवत नाही, दोरे तोडायला दे. मावशींचं काम! मुलाने डब्यातून ती गळ्यातली कातरडी काढून दिली. मास्तरांनी ती बोटांत धरली, थोडा वेळ तशीच धरून बसले आणि परत केली. "ही तुझ्या आईची आहे, तुझ्याकडे असू दे. मला माझी दे. तिला आता दुसरं कोण आहे?"

चार थर एका घासात कापणारी मी, आता दोरे तोडते. टोकाने, जपून. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो अंगठा ओळखीचा होता. आता तर मास्तर मला कधी कधी मांडीवरच ठेवून डुलकी काढतात. कातरडी मुलाच्या गळ्यात असते. तिचा हेवा अजून वाटतो, पण पूर्वीइतका नाही.

आता शेवटचं सांगते. गेल्या आठवड्यात पहारेकऱ्यांच्या गणवेशांचं मोठं काम आलं. सुनेने संध्याकाळपर्यंत डाव्या बाह्या कापल्या. ती दमली होती, छोटीला ताप होता, कागद टेबलावर तसाच राहिला. सकाळी दुकान उघडण्याआधी मास्तर आले. त्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. मला वाटलं, मला घ्यायला आले. त्यांनी माझ्यावरून हात नेला आणि खिळ्याशेजारचं फडकं काढलं.

त्यांनी टेबल झाडलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सावकाश. मग कालच्या ढिगातली एक बाही तळव्याखाली घेऊन तिचं वळण चाचपलं. कागदाचं वळण चाचपलं. पुन्हा बाहीचं. आणि दोन्ही हातांनी, झोपलेल्या मुलाला कूस बदलून द्यावी तसा, त्यांनी कागद उलटला.

सून केस बांधत बाहेर आली. टेबलाकडे बघून थांबली. "बाबा, कागद कुणी हलवला?"

"झाडताना उलटला असेल," मास्तर म्हणाले.

तिने ढिगाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग तिने त्यांच्या हातातलं फडकं घेतलं, दारात जाऊन झटकलं आणि परत आणून त्यांच्याच हातात दिलं.

मित्रांनो, मी आजवर कातरडीचा हेवा केला, सुईचा केला, त्या ताडपत्रीवालीचा केला. त्या सकाळी मला पहिल्यांदाच एका फडक्याचा हेवा वाटला. इतकी वर्षं ते माझ्याच टेबलावरून फिरत होतं.

तुमच्या घरात माझ्यासारखी कात्री असेल तर तिने पुठ्ठे कापू नका, महिन्यातून एकदा तिच्या स्क्रूवर तेलाचा थेंब सोडा, आणि ज्याच्या हातात ती नीट बसेल त्याला ती घेऊ द्या, मग तो हात कुणाचाही असो. आणि उद्या सकाळी जरा लवकर उठून बघा, तुमच्या आधी टेबल कोण झाडून ठेवतं. मी रोज बघत होते, मित्रांनो, पण मला दिसलं नाही.